पालकाने स्वतः हजर राहावे

"मरत का नाही एकदाची ती टिली!"

नऊ नंबरच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावरून हे वाक्य आलं आणि व्हर्नाचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. बस कालव्याच्या पुलावर कचकन थांबली. मागं पस्तीस पोरं पुढच्या बाकांवर आपटली, कुणाचं तरी दप्तर फुटलं, पेन्सिली घरंगळत पार ड्रायव्हरच्या पायापाशी आल्या.

व्हर्नानं आरशात पाहिलं. बोलणारी नायेली होती, ओरोस्कोंची थोरली. सहावीतली, अंगानं काटकुळी, जिभेनं मात्र चाकू. एरवी घडी घातलेली स्कूटर मांडीवर घेऊन बसायची; पायानं रेटायची, दोन चाकांची, हिरवी. आज मांडी रिकामी होती आणि डोळे लाल.

"कोण टिली?" व्हर्नानं विचारलं. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

"ती हो, मिस व्हर्ना. पोलिसातली बाई. जिनं तो हेल्मेटचा कायदा केलाय ती सटवी." नायेलीनं खिशातून पिवळी चिठ्ठी काढून नाचवली. "ही बघा! तिचं नाव आहे वर. त्या पोलीस प्रेस्टननं माझी स्कूटर ओढून घेतली. हेल्मेट होतं माझ्याकडं! उकडत होतं म्हणून हँडलला अडकवलं होतं, तेवढ्यात आला भस्सकन!"

"मलापण तीनदा टिली लागली," मागून एक जण म्हणाला. "माझा स्केटबोर्ड अजून ठाण्यातच आहे."

"बसा खाली," व्हर्ना म्हणाली आणि बस सुरू केली. पुढचे सात थांबे तिनं कसे घेतले ते तिचं तिला ठाऊक. पोरांचा राग नव्हता तिला. पोरांना काय माहीत, की मिस व्हर्नाचं आडनाव लिंडक्विस्ट आहे, आणि त्या पिवळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापलेलं 'टिली लिंडक्विस्ट हेल्मेट कायदा' हे नाव तिच्या पोटच्या पोरीचं आहे. टिली गेली तेव्हा ही पोरं पाळण्यात होती.

अकरा वर्षं झाली. टिली नऊ वर्षांची होती. चर्चच्या उतारावर स्कूटरवरून पडली, डोकं फुटपाथच्या कडेवर. त्या महिन्यात पोलिसांनी तिला दोनदा हेल्मेटशिवाय अडवलं होतं, 'आईला सांग हं' म्हणून सोडून दिलं होतं. हे व्हर्नाला कळलं ते दफनानंतर. तिथून ती जी पेटली, ती चौदा महिने विझली नाही. नगरपरिषदेच्या दर बैठकीला जायची. बोलायला तीन मिनिटं मिळायची, समोर दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल व्हायचा, आणि लाल झाल्यावरही ती बोलतच राहायची. 'मला कुणी सांगितलं नाही! एकाही माणसानं माझं दार वाजवलं नाही!' शेवटी बेंड गावानं कायदा केला. अठराच्या आतल्या मुलानं स्कूटर, स्केटबोर्ड चालवायचा तर डोक्याला हेल्मेट. आणि कायद्याला नाव दिलं टिलीचं. त्या दिवशी व्हर्ना ढसाढसा रडली होती. पोरीचं नाव गावात राहिलं, असं तिला वाटलं होतं.

राहिलं होतं खरंच. शिवी होऊन राहिलं होतं.

शेवटचं पोर उतरलं तशी तिनं बस डेपोत लावली आणि तडक पोलीस ठाणं गाठलं.

ठाण्याचा मुख्य अधिकारी ड्वाइट कोबर्न तिच्या शाळेतला. दोन बाकं सोडून बसायचा, गणितात तिची वही बघायचा. तिला पाहून तोंडभर हसला.

"ये ये! शनिवारचंच विचारायला आलीस ना? साठ हेल्मेटं आलीत या वर्षी. दहावं वर्ष आहे, पेपरवाल्यांना बोलावलंय. तू नेहमीसारखी मधे उभी राहा."

"ओरोस्कोंच्या मुलीची स्कूटर दे, ड्वाइट."

"कुणाची?"

"हिरवी. काल प्रेस्टननं घेतली ती."

"अगं, तशी कशी देऊ? तिसरी वेळ असली की जप्त. आईबापानं यायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, घेऊन जायचं. साधी गोष्ट आहे."

"मला खोली दाखव."

"कसली खोली?"

"जप्तीची. दाखवतोस का जाऊ मीच?"

मागच्या अंगाला, जिथं पूर्वी बर्फ उपसायची फावडी ठेवायचे, तिथं ड्वाइटनं दार उघडलं. आणि व्हर्ना बघतच राहिली. स्कूटर, बोर्ड, परत स्कूटर. भिंतीला टेकवलेल्या, एकीवर एक रचलेल्या. एकीच्या हँडलला गुलाबी झिरमिळ्या होत्या, त्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. प्रत्येकाला पिवळा टॅग आणि प्रत्येक टॅगवर तिच्या टिलीचं नाव. तिनं मोजले. एक्केचाळीस.

मग ती टॅगवरचे पत्ते वाचू लागली. कालवा रस्ता. कालवा रस्ता. सफरचंदांच्या पॅकिंग शेडमागच्या चाळी. कालवा रस्ता. रेल्वेच्या रुळाअलीकडचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या बाजूचा, एकही पत्ता नव्हता.

"आपल्याकडची पोरं काय हेल्मेट घालून जन्माला येतात?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी नात! परवा सिकॅमोर रस्त्यावर केस उडवत चालली होती बोर्डावरून. मी हॉर्न वाजवला तर मला जीभ दाखवली तिनं. तिचा बोर्ड कुठाय यात?"

ड्वाइटचे कान लाल झाले. "प्रेस्टनची गस्त तिकडं असते. त्याला मी काय करू? आणि आपल्याकडची घेतली तरी आईबाप संध्याकाळपर्यंत येऊन सोडवून नेतात. हे लोक येतच नाहीत. पोराची पर्वाच नाही त्यांना, त्याला कायदा काय करणार?"

"येत नाहीत का येऊ शकत नाहीत?"

"ते मला नको विचारू." तो टेबलाशी गेला, कायद्याची घडी पडलेली प्रत काढली आणि बोट ठेवलं. "कलम सात. 'जप्त वस्तू परत घेण्यासाठी पालकाने स्वतः, ओळखपत्रासह हजर राहावे.' हे कुणी घालायला लावलं? मी? परिषद तर नुसता दंड लावून मोकळी होणार होती. तूच टेबलावर मूठ आपटून म्हणालीस, आईबापाला समोर उभं करा, तोंडावर सांगा त्यांना. तुझं कलम आहे हे, व्हर्ना. शब्दन् शब्द तुझा."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग ओकायला समोर माणूसच नव्हता. ड्वाइट खरं बोलत होता. ती तडक बाहेर पडली. गाडीत बसून तिनं स्टिअरिंगवर चार बुक्क्या मारल्या. हॉर्न वाजला, तसा रस्त्यावरचा एक म्हातारा दचकून तिच्याकडं बघायला लागला.

शुक्रवारी नायेली बसला नव्हती.

संध्याकाळी व्हर्नानं आपली गाडी कालवा रस्त्याला घातली. बसच्या थांब्यापासून ओरोस्कोंचं घर चांगलं दोन मैल आत, सफरचंदांच्या बागांमधून. दोन्ही बाजूंना फांद्यांवर आवळ्याएवढी फळं धरली होती. ती दोन मैल चालत गेली असती तर तिला कळलं असतं, स्कूटर काय चीज आहे ते. गाडीतूनही कळलं.

नायेलीचा बाप एलादियो पायरीवर बसून बूट सोडत होता. कडेवर वर्षाचं बाळ घेऊन नायेली दारात उभी. मिस व्हर्नाला बघून तिनं आधी बाळाचं नाक पुसलं, मग विचारलं, "शाळेतनं पाठवलं का तुम्हाला? मी आजारी नाहीये. सांगून टाका खुशाल."

"मग आली का नाहीस?"

"कशी येणार? बस चारला सोडते. आईची पाळी साडेचारला सुरू. स्कूटरवर मी वीस मिनिटांत पोचते, बाळ घेते, आई जाते. चालत आले तर आईचा अर्धा तास बुडतो. दोनदा उशीर झाला की शेडवाले काढून टाकतात." तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणून मी घरी. त्या टिलीबाईला सांगा, मज्जा कर म्हणावं."

"नायेली!" बाप दटावून म्हणाला. "आत जा. कॉफी टाक बाईंना."

ती पाय आपटत आत गेली. व्हर्ना उभ्यानंच बोलली. "तुम्ही माझ्याबरोबर चला. मी असेन शेजारी. सही करा, स्कूटर घ्या, पाच मिनिटांचं काम."

एलादियो हसला. हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"बाई, चौदा वर्षं मी या बागा छाटतोय. पोरं इथं जन्मली, त्यांचे कागद आहेत. माझे नाहीत. पोलिसाच्या खिडकीशी जाऊन मी कुठलं ओळखपत्र काढू? स्कूटर घरी येईल हो. माझं काय?" त्यानं बुटातली माती झटकली. "राहू द्या. गेल्या त्या गेल्याच, असं समजतो आम्ही सगळे. इथं प्रत्येक घरातली एक तरी तिथं आहे."

"मग नवी घेता?"

"एक घेतली होती. हीच ती, हिरवी."

व्हर्नाला बसावंसं वाटलं. ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती.

"पोरगी बोटं मोडते त्या टिलीच्या नावानं," एलादियो हळूच म्हणाला. "मी सांगतो तिला, असं बोलू नये. या देशात मला एवढं कळलंय, की कायद्याला पहिल्या नावानं हाक मारतात तेव्हा ते मूल गेलेलं असतं." त्यानं व्हर्नाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुमचं होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. तो उठला, आत गेला आणि स्वतः कॉफी घेऊन आला.

रात्री नाही म्हटलं तरी तिचा डोळा लागलाच. संतापानं माणूस दमतं. पण सकाळी जाग आली तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

शनिवारी ठाण्याच्या पटांगणात मंडप घातला होता. फुगे, लिंबू सरबत, आणि 'टिली दिवस' असा कापडी फलक. साठ हेल्मेटांची खोकी रचून ठेवलेली. लोक जमले होते, सगळे रुळाअलीकडचे. पोरं बोर्डांवरून मंडपाभोवती चकरा मारत होती, निम्म्यांची डोकी उघडी. ड्वाइटची नात त्यातच होती. प्रेस्टन सरबत पीत तिच्याकडं बघून हसत होता. त्याला तिथं कायदा दिसत नव्हता.

"या या, आल्या आपल्या व्हर्नाबाई!" ड्वाइटनं ध्वनिक्षेपकावरून पुकारलं. पेपरचा फोटोवाला कॅमेरा सावरून पुढं झाला. "दोन शब्द बोल, मग वाटप."

व्हर्ना मंडपाकडं गेलीच नाही. तिनं आपली पिकअप गाडी उलटी घेत घेत थेट ठाण्याच्या दारापाशी लावली, मागचं फळकूट पाडलं आणि आत शिरली. खिडकीमागं बॉनी बसली होती. वीस वर्षं ती त्याच खिडकीमागं होती.

"जप्तीचं रजिस्टर काढ, बॉनी. मी माझ्या मुलीचं सामान न्यायला आलेय."

"तुझ्या... व्हर्ना, काय बोलतेस?"

व्हर्नानं ओळखपत्र खिडकीवर आपटलं. "कलम सात. पालकानं स्वतः, ओळखपत्रासह. ही मी आणि हे ओळखपत्र. काढ रजिस्टर."

ड्वाइट धापा टाकत आत आला, मागं फोटोवाला, त्याच्यामागं दारात गर्दी. "काय चाललंय? बाहेर लोक थांबलेत!"

"थांबू देत. तो टॅग वाच." एव्हाना जप्तीच्या खोलीतून तिनं हिरवी स्कूटर ओढून काढली होती. "मोठ्यानं वाच. कुणाचं नाव आहे वर?"

"अगं, ते कायद्याचं नाव—"

"कुणाचं नाव आहे?"

"टिली लिंडक्विस्ट," ड्वाइट पुटपुटला.

"तिची आई कोण?"

"व्हर्ना, हा पोरखेळ लावलायस तू. याला काही अर्थ नाही. कायद्यात असं बसत नाही."

"कायद्यात काय बसतं ते मला शिकवू नकोस! मी लिहिलाय तो! दहा वर्षं माझ्या पोरीचं नाव पुढं करून तुम्ही लोकांच्या पोरांच्या हातातल्या स्कूटरी ओढल्यात. एक्केचाळीस वेळा. पोरं तिला शिव्या घालतात रे! मेलेल्या पोरीला 'मर' म्हणतात! ती नऊ वर्षांची होती, ड्वाइट, तिनं जन्मात कुणाचं खेळणं घेतलं नव्हतं. पोरं अडवायला तिचं नाव चालतं, मग पोरं सोडवायला तिची आई का नाही चालत?"

बाहेर पोरांच्या चाकांचा खडखड आवाज तेवढा येत होता.

"आणि नसेल चालत," व्हर्ना आवाज उतरवून म्हणाली, "तर चल बाहेर. या फोटोवाल्यासमोर प्रेस्टनला सांग, मंडपाभोवती जेवढी उघडी डोकी फिरताहेत त्यांचे बोर्ड आत्ता घे. तुझ्या नातीपासून सुरुवात कर. कायदा आहे ना? मग सगळ्यांच्या डोक्यावर वाटू दे मिरे."

फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. ड्वाइटनं त्याच्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग टोपी काढून कपाळ पुसलं.

"सोमवारी बोलू आपण," तो म्हणाला.

"सोमवारी बोलूच. मंगळवारी परिषदेतही बोलू. कलम सात जाईपर्यंत मी दर बैठकीला येणार आहे, लाल दिवा लागला तरी गप्प बसणार नाही. तू ओळखतोस मला. पण सामान आज जाणार."

तेवढ्यात रजिस्टर उघडल्याचा आवाज आला. बॉनीनं चष्मा लावला होता. "चौथ्या रकान्यात सही," ती कोरडेपणानं म्हणाली, "पाचव्यात मुलाशी नातं. एकही ओळ सोडायची नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं."

व्हर्नानं सह्या केल्या. पाचव्या रकान्यात प्रत्येक ओळीवर लिहिलं: आई. दहाव्या ओळीपर्यंत ती रागानं लिहीत होती, कागद फाटेल इतकं दाबून. पंचविसाव्या ओळीला हात दुखायला लागला. चाळिसाव्या ओळीला अक्षर दिसेनासं झालं, तर बॉनीनं रुमाल सरकवला. गाडीत सामान चढवायला फोटोवाल्यानं कॅमेरा बाजूला ठेवून हात लावला. हेल्मेटांची साठही खोकी व्हर्नानं मंडपातून उचलून नेली. तिला अडवायची कुणाची टाप नव्हती.

कालवा रस्त्यावर गाडी शिरली तशी पोरं गोळा व्हायला लागली. आधी दोघं, मग घोळका, गाडीमागं पळत. जो तो आपली स्कूटर ओळखून ओरडत होता. व्हर्नाही ओरडत होती.

"आधी डोकं! हेल्मेटशिवाय एकालाही मिळणार नाही! तू, इकडं ये, ते उलटं घातलंयस. तुला मोठं होतंय, दुसरं घे. पट्टा आवळ!"

"तुम्ही पण त्या टिलीसारख्याच निघालात," एक पोरगा कुरकुरला.

"निघणारच," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला.

नायेली बाळाला कडेवर घेऊन, बापाबरोबर सगळ्यांत शेवटी आली. हिरवी स्कूटर घेतली, चाकं फिरवून बघितली, हेल्मेट घेतलं आणि सवयीनं हँडलला अडकवलं.

"डोक्यात!" व्हर्ना इतक्या जोरात किंचाळली की कडेवरचं बाळ रडायला लागलं.

"घालते हो! घरापर्यंतच तर जायचंय, हे काय, दिसतंय घर!"

व्हर्ना तिच्यासमोर उकिडवी बसली. हेल्मेट काढून घेतलं, नायेलीच्या डोक्यावर बसवलं, पट्ट्याखाली दोन बोटं जातात का बघितलं. बोटं काढलीच नाहीत.

"टिली पोलिसात नव्हती," ती म्हणाली. "माझी मुलगी होती. तुझ्याहून लहान. मी सगळ्या गावाला सांगत सुटले, मला कुणी सांगितलं नाही, माझं दार कुणी वाजवलं नाही. त्यावरूनच ते कलम केलं, आईबापांना समोर उभं करायचं. पण मला माहीत होतं. तिचं हेल्मेट गॅरेजात खिळ्याला होतं, माझ्या डोळ्यांसमोर. ती म्हणाली, कोपऱ्यापर्यंतच तर जातेय. आणि मी म्हटलं, जा."

हे तिनं अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. परिषदेत नाही, नवऱ्याला नाही, पाद्र्याला नाही.

नायेलीचा चेहरा पांढरा पडला. "मी बसमध्ये जे बोलले..."

"ऐकलं मी."

"मिस व्हर्ना, मला खरंच..."

"पुरे. बाळाला बापाकडं दे आणि एक चक्कर मारून दाखव. चालतेय ना नीट?"

नायेलीनं बाळ दिलं. मग स्वतःच पट्टा चाचपला, एकदा ओढून बघितला आणि स्कूटर रेटली. बागेच्या वळणापर्यंत गेली, वळली, परत आली. व्हर्ना रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिच्या डोक्याकडं बघत होती.

"अजून एक मारू?" नायेलीनं लांबून विचारलं.

"मार," व्हर्ना म्हणाली. "मी इथंच आहे."